पाव चमचा जायफळ

"काल रात्रीपासून झोपलंय, मॅडम. दूधसुद्धा घेईना," असं म्हणत सविताने बाळ माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

दिवाळी पाडव्याची सकाळ होती. दवाखाना खरं तर बंद होता. ॲडमिट असलेल्या मुलांना बघून मी घरी पळणार होते. बाळ पाच महिन्यांचं. अंग लालबुंद आणि गरम, तोंड कोरडं, नाडी धावत सुटलेली, आणि पोर मात्र ढिम्म. तळपायावर टिचकी मारली तर जेमतेम कुरकुरलं. मेंदूज्वराची शंका आली, पण मान मऊ होती. फिट आली नव्हती. कुठे पडलंही नव्हतं.

"काय पाजलंत?" मी विचारलं.

"काही नाही."

"गुटी? अफू? झोपेचं औषध?"

सविताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा नवरा सातपूरला एका कारखान्यात फिटर. तो मागून म्हणाला, "औषध नाय दिलं मॅडम. लय रडत होतं, म्हणून जायफळ दिलं. कागदावर लिव्हलंय तसंच दिलं."

आणि त्याने खिशातून तो कागद काढला.

कारखान्याने दिवाळीला प्रत्येक कामगाराला मसाल्यांचा डबा भेट दिला होता. वेलदोड्याची पूड, जायफळाची पूड, सुंठ, केशर, म्हणजे गोडाधोडाला लागणारं सगळं. सोबत एक गुळगुळीत रंगीत पत्रक, 'सणाचा स्वाद, आरोग्याचा प्रसाद'. वेलदोड्याने तोंडाला चव येते, सुंठीने पोटातला वात सरतो, वगैरे. इथवर माझी तक्रार नव्हती. जायफळाच्या चित्राखाली लिहिलं होतं, 'शांत झोपेसाठी. तान्ह्या बाळांना पाव चमचा दुधातून.'

माझं डोकंच फिरलं.

माझं जायफळाशी भांडण नाही. बासुंदीत, पुरणात मीही ते घालते. जड जेवणावर पोटाला बरं पडतं. पण पाव चमचा म्हणजे पातेलंभर बासुंदीचं जायफळ. ते या एवढ्याशा पोटात गेलं होतं, आणि रडं थांबेना म्हणून रात्री पुन्हा एकदा. जायफळ प्रमाणाबाहेर गेलं की ते विषच असतं, आणि त्यावर उतारा नाही. सलाईन लावायचं, ऑक्सिजन तयार ठेवायचा, श्वास आणि ठोके बघत बसायचं. शरीर ते बाहेर टाकेपर्यंत डॉक्टरच्या हातात एवढंच. तेच सुरू केलं.

आपल्याकडे गुटीत जायफळ असतं, मान्य. सहाणेवर थेंबभर दूध घेऊन जायफळ एकदा गोल फिरवतात. त्याला वेढा म्हणतात. दगडावर ओला डाग पडतो, तेवढाच बोटाने बाळाला चाटवतात. मी तेही देऊ नका असंच सांगत आले. तान्ह्या बाळाला आईचं दूध पुरे. पण देणाऱ्या बायकांनीही कधी चमच्याने जायफळ दिलं नव्हतं.

दुपारी बाळाने डोळे उघडले आणि परत मिटले. ठोके जरा उतरले होते. तेवढ्यात मला भलतीच धास्ती वाटली. कारखाना मोठा. कामगार दिवाळीला गावी गेलेले, कुणी येवल्याला, कुणी हरसूलकडे. प्रत्येकाच्या पिशवीत हा डबा. त्यातल्या किती घरांत तान्हं मूल असेल?

सहकारी डॉक्टरांना बाळाजवळ बसवून मी कागदावरच्या पत्त्यावर गेले. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ खाली मसाला कंपनीचं ऑफिस, वर मालकांचं घर. पूजा आटोपली होती.

"या, या डॉक्टर. फराळ घ्या," मालक म्हणाले.

"फराळ राहू द्या. हे कुणी लिहिलं?"

त्यांनी मार्केटिंग मॅनेजरला बोलावलं. ऐन पाडव्याला गळ्यात टाय.

"मॅडम, ही तर आपली परंपरा आहे," तो म्हणाला. "साहेबांच्या आईंनी सांगितलं होतं, एक वेढा. पण आजच्या कस्टमरकडे सहाण कुठे असते? म्हणून आम्ही चमच्याचं माप दिलं."

"वेढ्याचा पाव चमचा कसा झाला?"

"मापाच्या सेटमध्ये त्याहून लहान चमचाच नसतो, मॅडम."

हे त्याने अगदी शांतपणे सांगितलं. तिकडे पोर निपचित पडलेलं, आणि का, तर यांच्या सेटमध्ये चमचा नव्हता.

"सहाण आणा," मी मालकांना म्हटलं. "देवघरातली चालेल. एक अख्खं जायफळ आणि पाव चमचाही आणा."

सगळं आलं. "आता उगाळा आणि हा चमचा भरून दाखवा," मी म्हटलं.

मालकांनी नव्या झब्ब्याची बाही वर केली. एक वेढा घेतला. सहाणेवर पुसटसा तपकिरी डाग उठला.

"हे तुमच्या आईंचं माप. आता तुमच्या कागदाचं होऊ द्या."

ते उगाळत राहिले. हात बदलला, कपाळावर घाम आला. निघालेलं ओलं गंध मी चमच्यात निपटत होते. बराच वेळ गेला तरी चमच्याचं बूड झाकलं नव्हतं.

मालक थांबले. "पुढच्या लॉटला स्टिकर लावू," ते म्हणाले.

"आणि घरोघरी गेलेल्या डब्यांना कोण लावणार? तुमची जाहिरात केबलवर सिनेमाखाली सरकते ना दिवसभर? ती काढा. मी सांगते ते टाका."

"मॅडम, ऐन दिवाळीत कंपनीची बदनामी होईल."

"बाळ गेलं तर काय होईल?"

मग ते 'गैरसमज टाळण्यासाठी' असं सुरुवातीला टाकू म्हणाले. मी ते खोडलं. कंपनीचं नाव आणि पुढे 'या डब्यातलं जायफळ लहान मुलांना देऊ नका', एवढंच ठेवलं. केबलवाल्याला त्यांनी माझ्यासमोर फोन केला. येवल्याला ओळखीच्या किराणा दुकानदारांना फोन गेले. हरसूलकडे केबल कुठली? तिकडे मॅनेजर जीप घेऊन गेला, टायसकट.

संध्याकाळी परतले तर बाळ भोकाड पसरून रडत होतं. डॉक्टरला याहून गोड आवाज नाही. सविता मात्र कोपऱ्यात बसली होती आणि सासू बोलत होती, "शिकलेली म्हणून करून आणली, आन् वाचून वाचून पोराचा जीव घेत होती."

"आजी, तिने छापलेलं तंतोतंत पाळलं," मी म्हटलं. "चुकलं ते छापणाऱ्याचं. आणि तो कागद तुमच्या मुलाच्या खिशातून निघाला. त्यालाही वाचता येतं."

फिटर उठून सविताच्या शेजारी जाऊन बसला.

भाऊबीजेला येवल्याहून एका बाईचा फोन आला. त्यांनी दुधात जायफळ कालवलंही होतं. दुकानदाराने पोरगं पाठवून थांबवलं.

पुढच्या दिवाळीत तोच डबा मला भेट म्हणून आला. पत्रक नवं. बाळाची ओळ गेली होती, पण 'बाळाला देऊ नका' असंही कुठे नव्हतं. तळाशी लिहिलं होतं, 'नाशिकच्या बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार.'

मी फोन केला. मालक म्हणाले, "मॅडम, तुमचं नाव कुठे टाकलंय?"

डबा मी परत पाठवला. उगाळताना आलेला घाम मालकांना आठवावा म्हणून सोबत बाजारातून नवी सहाण घेऊन पाठवली. जायफळ पातेल्यात चिमूटभर घालावं, तान्ह्या बाळाला मुळीच देऊ नये. छापायचं तर एवढंच छापायला हवं होतं. पण एवढ्याने डबा खपत नाही.