टरफलासकट तांबं

माझं संयुग हिरवंगार होतं आणि मला त्याचा चांगलाच गर्व होता. सेंद्रिय रेणूंमध्ये तांब्याचा अणू बांधायचा आणि तयार झालेली पूड जीवाणूंना मारते का ते पाहायचं, हे माझं पीएचडीचं काम. नवरा हवाई दलात, त्यामुळे चंडीगडचा मुक्काम ठराविकच. बदलीची ऑर्डर यायच्या आत प्रबंध हातावेगळा करायचा होता.

प्लेटवर जीवाणू पसरायचे आणि वर औषधात भिजवलेली कागदी चकती ठेवायची. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ कडं दिसलं, म्हणजे तिथे जीवाणू वाढले नाहीत, औषध लागू पडलं. माझ्या संयुगाचं कडं छान आलं. पण शेजारच्या साध्या तांब्याच्या क्षाराचंही तेवढंच आलं. म्हणजे रेणू बांधण्याचा सगळा खटाटोप फुकट!

"छोडो जी," सर म्हणाले, "मारता तो तांबा ही है. ये चॅप्टर निकाल दो."

चॅप्टर काढायचा म्हणजे नव्याने सुरुवात, आणि तेवढा वेळ होता कुणाकडे? मला रडू नाही आलं, राग आला. कुठेतरी पाणी मुरतंय एवढं नक्की वाटत होतं.

संध्याकाळी सेक्टर सतरामध्ये गाडीवरून भाजलेल्या शेंगा घेतल्या. इथले लोक थंडीत त्या चालता चालता खातात. मी सोलापूरची, मला चटणीशिवाय भागत नाही. झिरकपूरला घरी येऊन सोलायला बसले.

"अगं, एवढ्या शेंगा आणल्यास आणि दाणे एवढेसेच?" नवरा म्हणाला.

"मग टरफलाचं वजन नको धरायला?" असं म्हणाले खरी, आणि शेंग हातातच राहिली.

आमच्या लॅबमध्ये सगळं सारख्या वजनाने घ्यायची पद्धत होती. माझं संयुग म्हणजे टरफलासकट शेंग, बरंचसं वजन त्या सेंद्रिय रेणूंचंच. माझ्या चकतीवर तांबं क्षारापेक्षा कितीतरी कमी होतं, तरी कडं बरोबरीचं. हरले कुठे? मी तर जिंकत होते!

सकाळी सरांना म्हटलं, दोन्हीत तांबं सारखं ठेवून पुन्हा करते.

"और नहीं हुआ तो?"

"होगा, सर."

नुसत्या रेणूंची आणि नुसत्या द्रावकाचीही चकती ठेवली. नंतर कुणी शंका काढायला नको. दुसऱ्या दिवशी त्या दोन्हींभोवती काहीच नव्हतं. क्षाराचं कडं आक्रसलं होतं आणि माझं जिथल्या तिथे होतं. सरांनी प्लेट उजेडात धरली, स्वतः पट्टी लावली, मग पुन्हा लावली.

"चॅप्टर रहेगा," ते म्हणाले. "और बाकी सबके कंपाउंड भी दोबारा तुलेंगे."

प्रबंध दिला त्याच आठवड्यात नवऱ्याचा फोन आला. आवाज पडलेला. "ऑर्डर आली गं."

"येऊ दे," मी म्हणाले. "बदलीच्या काळ्या पेट्या काढ बाहेर."