जावयानं धरलेला पंखा

विसरलात ना? ठाऊकच होतं.
तुमच्या फोनात सगळ्यांचे बड्डे हायेत. मेल्याचा दिवस कुणी टाकत न्हाई.

आज आमच्या जावयाला, दत्ताला, जाऊन वरीस झालं.

मला लिहिता येत न्हाई. मी बोलते, सून ग्रुपवर टायपते. मधे कुठं शहाणपण दिसलं तर ते तिचं.

वीसेक वर्षांमागं तेलगावात कम्प्युटर फक्त बँकेत होता, तोही झाकून ठेवलेला.
आमची लेक वंदना औरंगाबादहून इंजिनिअरिंग करून आली, ती एसटीत कम्प्युटरचे पार्ट घेऊनच. बोर्ड गोधडीत, मॉनिटर मांडीवर.
माझी शिलाई मशीन खाली उतरवली अन् त्या टेबलावर कम्प्युटरचा डबा मांडला. लई तापायचा, म्हणून एका बाजूचा पत्रा काढलेला.

"कावून गं एवढा खटाटोप?"
"आई, याच्या पोटात दुसरा कम्प्युटर चालवायचाय. खोटा. पण त्याला वाटतं आपण खरेच."
"तुझ्या काकालाही तसंच वाटतं."

परदेशातली पोरं मिळून ते सॉफ्टवेअर फुकटात बनवत होती. ओपन सोर्स. हिनंही त्यातला एक तुकडा लिहिलेला. इथं बिल्ड होऊन चालला, तरच ते घेणार. बिल्ड म्हंजे लिहिलेलं सगळं कम्प्युटरनं जोडून चालतं करायचं, त्याला तासन्तास लागायचे.

बाहेरच्या कम्प्युटरला होस्ट म्हणतात, आतल्याला गेस्ट. मला कळावं म्हणून ती म्हणायची यजमान आणि पाहुणा.

तिथंच घोळ झाला.

तिच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं, "स्थळ जमलं की डबा विकायचा. सासरी असलं चालत न्हाई."
वंदना बिल्ड लावून मोकळी.

स्थळ आलं दिंद्रुडचं. खताचं दुकान. दत्ता आणि त्याचे मामा.
दुपारी लोडशेडिंग. लाईट जायच्या आत बिल्ड झालं न्हाई तर सगळं पुन्हा.
मी पोहे दिले. एक कान आत, एक बाहेर. पाय कुठंच ठरेनात.

मामांनी पहिला घास घेतला अन् आतून वंदना ओरडली,
"आई! पाहुणा मेला!"

मामांचा चमचा थांबला.

"यजमान चांगला हाय! पाहुणाच मेला!"

मामा बशीकडं बघायला लागले.

मी सारवासारव केली, "तसं न्हाई हो, ती आतल्या पाहुण्याचं म्हणती."
"आत आनखी एक स्थळ बसवलंय का?"

दत्ता उठला, सरळ आत गेला. मी मागोमाग.
वंदनानं मान वर केली न्हाई. "बाजूला व्हा, वारं अडतंय. माझ्याच तुकड्यात चूक हाय, पुन्हा बिल्ड लावलंय."
टेबलफॅनची मान मोडलेली. सारखी खाली पडायची अन् डबा तापायचा.

"मी धरू का?"
"धरा. हलवू नका."

धरली. इस्त्रीचा शर्ट घामानं भिजला, सगळं वारं डब्याला.

मामा दारातून, "बे दत्त्या, पोरगी बघायला आलास का पंखा धरायला?"
"मामा, पोरगी पसंत हाय. डबा संगं येणार. अन् हळू बोला, त्यांचं बिल्ड चाललंय."

वंदनाचे वडील दारातच उभे होते. एकदा डब्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. मग मामांना म्हणाले, "चहा घ्या."

लाईट जायच्या जरा आधी वंदना म्हणाली, "पाहुणा उठला."
दत्तानं पंखा सोडला, तर बोटं तशीच वाकडी.

तुकडा त्या लोकांनी घेतला. डबा दिंद्रुडला गेला, खताच्या गोण्यांमागं. तिथं हा गिऱ्हाइकाला म्हणायचा, "हळू बोला, बिल्ड चाललंय."

आमच्याकडं जावयाला पाहुणंच म्हणतात, अन् सासूला मामी. मी हाक मारली की म्हणायचा, "जित्ता हाय, मामी."

गेल्या वर्षी छातीत दुखतंय म्हणाला. बसला. गेला.

तेव्हापासून वंदना कम्प्युटरसमोर बसली न्हाई. नुसती या खोलीतून त्या खोलीत. फोनवर बोलतानाही तिची चप्पल वाजत असते.

काल म्हणाली, "आई, उद्या बिल्ड लावते."
"जमंल का?"
"न्हाई जमलं तर पुन्हा लावीन."

म्हणून आज तिला फोन करू नका. घरी जाऊन रडू नका. उठून तुम्हाला चहा करील अन् पुन्हा बसायची न्हाई.

दत्ता, निवांत ऱ्हा. तुझी बायको कामाला बसली.

अन् दिंद्रुडवाल्यांनो, हात रिकामे ठेवू नका. धपाटे पाठवा, आत शेंगाची चटणी लावून गुंडाळलेले, तिला काम करता करता एका हातानं खाता येतील असे. पातळ काही नको. दारात ठेवा अन् निघा.