बंदूक परत द्यायला आलेला माणूस

"सायेब, ही ठिवून घ्या आन् माज्यावर केस करा," असं म्हणून तात्यांनी बारा बोअरची बंदूक माझ्या टेबलावर आडवी ठेवली.

मी तेव्हा कुर्डुवाडीकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. सत्तरचं दशक. बंदूक मागायला येणाऱ्यांनी माझं डोकं उठवलं होतं. कुणाला रानडुकरांचा त्रास, कुणाला दरोड्याची भीती. खरं कारण बहुतेकांचं एकच, शेजाऱ्याकडं आहे. हा गडी मात्र परत द्यायला आला होता, वर स्वतःवर गुन्हा मागत होता. मी आधी बंदूक रिकामी आहे ना ते पाहिलं, मग चहा मागवला.

तात्या केमजवळच्या वस्तीवरचे शेतकरी. त्यांचा परवाना पीक संरक्षणाचा. म्हणजे बंदूक रानात वापरायची आणि ती त्यांनीच चालवायची. पण आमच्या भागात वरातीत बार काढला नाही तर लग्न लागल्यासारखंच वाटायचं नाही. पुतण्याच्या लग्नात थोरल्या भावानं, आण्णांनी, बंदूक मागितली आणि तात्यांनी दिली. आण्णांच्या थोरल्या पोरानं, बाळूनं, बार काढला. ऐन वेळी हात हलला. बायका बसल्या होत्या त्या मांडवाच्या कापडातून छर्रे आरपार गेले. नशीब, कुणाला लागलं नाही. लोक हसले, हलगी पुन्हा सुरू झाली. तात्या तेवढे जेवले नाहीत.

मी म्हटलं, तक्रार नाही, जखमी नाही. ताकीद देतो, बंदूक घेऊन घरी जा. भुईमूग भरात आलाय, डुकरं काय ठेवणार आहेत का?

"मग फुडच्या लग्नात परत मागत्याल की," तात्या म्हणाले. "भावकीला न्हाय म्हनायला मला तोंड न्हाय, सायेब. बंदूकच नसली तर कोन मागंल?"

मी गुन्हा नोंदवला.

बाळूचा सासरा वजनदार. दुसऱ्याच दिवशी सोलापूरहून वरिष्ठांचा फोन आला. कुणी मेलं नाही, तू कशाला उकरत बसलायस? मी म्हटलं, सर, आरोपी आपल्या पायानं आलाय, त्याला कुठं लपवू? ते पुटपुटले आणि फोन ठेवला.

कोर्टानं तात्या आणि बाळू, दोघांना दंड केला, तात्यांचा परवाना रद्द झाला. भावकीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. डुकरांनी निम्म्याहून जास्त भुईमूग उकरला. मी ते रान स्वतः जाऊन पाहिलं.

पुढच्या वर्षी आण्णांनीच परवान्याचा अर्ज केला. कारण डुकरं, आणि ते खोटं नव्हतं. अशा चौकशीत शेजाऱ्यांचं मत घ्यायची पद्धत. शेजारी म्हणजे तात्या. दोघांच्या मध्ये फक्त बांध. आण्णांकडं बंदूक आली असती तर तात्यांचंही पीक वाचलं असतं. मी आण्णांसमोरच विचारलं.

"देऊ नगा," तात्या म्हणाले.

आण्णा लाल झाले. तात्या जागचे हलले नाहीत.

जीपकडं येताना मी हळूच म्हटलं, तात्या, गेल्या वर्षी तर तोंड नव्हतं म्हणत होता.

"आता बोलतंय कोन माज्याशी, सायेब? भ्यायचं तरी कुनाला?"

अर्जावर मी 'शिफारस नाही' असं लिहिलं. बंदूक कुणाला द्यावी, यावर साहेबलोकांच्या बैठकीत पुष्कळ वाद ऐकलेत. नियम मला पाठ होते. पण स्वतःचं रान उकरलेलं दिसत असताना, सख्ख्या भावासमोर 'नको' म्हणणारा माणूस नोकरीत एकदाच भेटला. त्याला मी सॅल्यूट करायला हवा होता. पण गणवेशात शेतकऱ्याला सॅल्यूट ठोकायची पद्धत नाही, म्हणून नमस्कारावर भागवलं.