मालकांच्या अंगणातला नंदीबैल

मालकांनी बैलाची घुंगरमाळ माझ्या गळ्यात घातली आणि पाहुण्यांना म्हणाले, "हा आमचा नंदीबैल. विचारा काय विचारायचं ते."

मी आठ वर्षांची. आम्ही धनगर. सोनारीजवळ मालकांच्या रानात आबा मेंढरं बसवायचे. लेंड्यांचं खत त्यांच्या रानाला, बदल्यात आम्हाला ज्वारी. आणि वर फुकटची करमणूक म्हणून मी. कारण मला कुठलाही गुणाकार तोंडी यायचा.

पाहुण्यांनी आकडे टाकले. मी उत्तर दिलं.

"मुंडी हलवून सांग की," मालक म्हणाले.

हलवली. घुंगरं वाजली. सगळं अंगण हसलं. खोटं कशाला बोलू, मलाही मजा आली. एवढी माणसं, आणि मधोमध मी. मग मालकीणबाईंनी अर्धी भाकरी लांबूनच माझ्या पुढ्यात टाकली.

"घ्या, बैलाला वैरण."

मी आबांकडं पाहिलं. तेही हसत होते. हात मात्र जोडलेले. मेंढरं न्यायला दुसरं रान नव्हतं. पाहुणे कंटाळेपर्यंत मी मुंडी हलवत राहिले.

आता मला तालुक्याला नोकरी आहे. माझी नऊ वर्षांची लेक एकदा ऐकलेलं विसरत नाही. यंदा गावच्या शाळेच्या कार्यक्रमात मालकांचे चिरंजीव पाहुणे होते. मला बघून माईकवरून म्हणाले, "हिनं आमच्या अंगणात लई खेळ केलेत. आता लेकीचा बघू. ये गं पोरी वर."

टाळ्या. लेक उठलीसुद्धा, फ्रॉक सारखा करत.

"आई, जाऊ?"

तिच्या तोंडावरचा तो आनंद माझ्या ओळखीचा होता. तो मोडायचा म्हणजे काय, तेही ठाऊक होतं.

"बस खाली."

"मला येतंय की."

"म्हणूनच बस."

ती रडायला लागली. चिरंजीव हसले. "अगं, कौतुकच करतोय आमी."

मी उभी राहिले. "ती येणार नाही. खेळ बघायचा तर तुमच्या नातवाला उभं करा."

टाळ्या थांबल्या. घरी येईपर्यंत लेक माझ्याशी बोलली नाही. रात्री जेवलीही नाही.

तिची हुशारी वाढवायची कशी, मला कळत नाही. माझी कुणी वाढवलीच नाही, नुसती नाचवली. पण एक ठरलंय. तिला सगळ्यांत आधी 'नाही' म्हणायला शिकवणार. घरी आलेल्या पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव" असं मी सांगितलं, तर मलासुद्धा.