बोडी फुटली नाही, फोडली

ती घटना खुनाची नव्हती, दरोड्याचीही नव्हती. तरी नोकरीतल्या कुठल्याही खुनापेक्षा ती मला जास्त स्वच्छ आठवते. तेव्हा मी नागभीडकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. धानाच्या रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. अशा दिवसांत ठाण्यात शुकशुकाट असतो, कारण भांडायलाही सवड लागते आणि सगळं गाव चिखलात वाकलेलं असतं.

सकाळची हजेरी चालू असतानाच एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, बाईची बोडी गेली. लोकं म्हणून राह्यले का फुटली. मी सांगतो, फुटली नाई, फोडली."

बोडी म्हणजे शेताच्या माथ्यावरचं छोटं तळं. ही बोडी त्या घराण्याच्या पूर्वजांनी खणलेली आणि तिच्याखालचं शेत गावाइतकंच जुनं. नव्या धानाचा पहिला नैवेद्य गावदेवाला तिथूनच जायचा. घरात आता एकटी म्हातारी बाई उरली होती. वाघ बघायला येणाऱ्यांसाठी तिथे रिसॉर्ट काढायचं म्हणून शेताच्या विक्रीची बोलणी सुरू झाली, तेव्हा गाव आडवं आलं. घरटी एक माणूस तिच्या रोवण्याला जाऊ लागला. निम्मा रोवणा झाला होता. पाणी गेलं की उरलेलं शेत पडीक राहणार आणि बाई हात टेकणार, हे बोडी फोडणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

घटनास्थळी पोचलो तर गाव तापलेलं. सगळ्यांचं बोट रिसॉर्टवाल्याकडे. "त्याचीच माणसं हायत साहेब, उचला त्याले!" आरडाओरड्यावर तपास करायची मला सवय नाही. मी पंच बोलावले आणि पंचनामा सुरू केला.

बोडीचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या पाळीवर फावड्याचे घाव स्पष्ट होते. मला खटकलं ते खाली. सुटलेलं पाणी सरळ कोवळ्या रोपांत घुसायला हवं होतं. तिथे कुणीतरी आधीच ढेकळं रचून बांध घातला होता आणि पाणी बाजूच्या नाल्याला काढून दिलं होतं. रोवलेलं एकही रोप हललेलं नव्हतं. मी स्वतः भंडाऱ्याकडच्या धानाच्या गावचा. पैसे घेऊन आलेला परका माणूस असले लाड करत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

बीट जमादाराला गावाच्या फाट्यावरून ये-जा करणाऱ्या ब्रह्मपुरीच्या जीपवाल्यांकडे चौकशीला धाडलं. एका चालकाकडून खबर मिळाली. बाईचा पुतण्या पहाटे त्या फाट्यावर उतरला होता आणि परतताना त्याची पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली होती. पुतण्याचं ब्रह्मपुरीत दुकान. पोरक्या पोराला बाईनेच वाढवलेलं, आणि विक्रीची बोलणीही त्यानेच आणलेली.

तो ठाण्यात आला तो इस्त्रीच्या कपड्यांत. "मी गावाले गेलोच नाई साहेब. काऊन जाईन?" तयारीने आलेल्या माणसाकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असतं. अशा वेळी प्रश्न विचारूच नये. मी चहा मागवला आणि सहज म्हणालो, "वाईट झालं. तुझ्या मोठीमायनं रोवलेलं सारं धान वाहून गेलं."

तो खुर्चीतून उठलाच. "धान कसं वाहून जाईन? मी तर बांध घालून पाणी नाल्याकडे..."

जमादार खिडकीबाहेर बघत हसू दाबत होता. मग पुतण्या खाली बसला आणि रडायला लागला. "पाणी सोडलं साहेब. पण रोवलेल्या धानावर कसं सोडू?"

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. म्हणून पंचांसमोर त्याने नाल्याकाठच्या झुडपातून काढून दिलेलं फावडं जप्त केलं आणि कागद पक्के केले. गुन्हा जामीनपात्र होता, जामीन झाला.

सुटला तेव्हा बाई ठाण्याच्या फाटकाशी उभी होती. ती शिव्या देईल किंवा गळा काढेल, असं आम्हाला वाटलं होतं. तिने त्याच्या हातात घमेलं दिलं.

"काऊन केलं ते मी घरी इचारीन. आभाळ भरून येऊन राह्यलं. पाळ बांधाची हाय. चाल."

"मोठीमाय, गाव मारन मले."

"मारन. तू माती टाकत राय."

पुढचा पाऊस यायच्या आत गावाने पाळ उभी केली आणि बोडी भरल्यावर उरलेला रोवणा उरकला. ते शेत आजही विकलं गेलेलं नाही. खटला रीतसर चालला, मी साक्ष दिली.

तोवर मी गुन्ह्याच्या जागी काय मोडलं, काय गेलं, एवढंच बघत असे. त्यानंतर प्रत्येक पंचनाम्यात मी आधी हे बघू लागलो, की गुन्हा करतानाही त्या माणसाने काय मोडू दिलं नाही. पुष्कळदा माणूस तिथेच सापडला.