गोलखांबाशेजारचा जादा पंच

सामना सुरू व्हायच्या आधीच मी चुकलो. निशाणवाला पंच मैदानाच्या ज्या कडेला होता, त्याच बाजूच्या गोलखांबाशेजारी मीही जाऊन उभा राहिलो. लग्नात फोटोसाठी उभं करावं तशी आमची जोडी. मुख्य पंच, म्हणजे आमच्या ऑफिसच्या हिशेब विभागातले एक शांत जपानी गृहस्थ, धावत आले आणि हळूच म्हणाले, "पलीकडच्या खांबापाशी. चेंडू दोन्ही बाजूंनी दिसायला हवा ना."

आता यासाठी आदल्या गुरुवारी चांगली तासभर मीटिंग झाली होती. फळ्यावर लोहचुंबक सरकवून कोणी कुठे उभं राहायचं ते दाखवलं होतं. मी छान मान डोलावली होती.

जपानातल्या मोठ्या भूकंपानंतर बंद पडलेली आमच्या ऑफिसची फुटबॉल स्पर्धा एदोगावातल्या नदीकाठच्या मैदानावर पुन्हा सुरू झाली होती. टीव्हीवर गोलाशेजारी जादा पंच दिसतात, तर आपल्याकडेही हवेत, असं ठरलं. मला खेळता येत नाही, म्हणून मी पंच. काम एकच: चेंडू रेषेच्या पूर्ण पार गेला का, ते बघायचं. ओरडायचं नाही. मुख्य पंचांनी आपल्याकडे बघितलं की खूण करायची. गोल असेल तर हात छातीवर, नसेल तर हात खाली, आणि दिसलंच नसेल तर तळहात डोळ्यांवर. या तिसऱ्या खुणेला मी मीटिंगमध्ये हसलो होतो.

मैदानावर मात्र हसू येत नव्हतं. माझा करार संपत आला होता. तो वाढवायचा की आम्हाला पुण्याला परत पाठवायचं, हे काचो, म्हणजे आमचे विभागप्रमुख, मंगळवारी ठरवणार होते. आणि काचो पन्नाशीतही आमच्या विभागाच्या संघात पुढच्या फळीत खेळत होते. उत्तरार्धात ते माझ्याच गोलाकडे धावणार. बायको आणि मुलगी कडेला सतरंजी टाकून बसल्या होत्या. मुलगी "पापा, गांबात्ते!", म्हणजे जोर लावा, म्हणून ओरडत होती, जणू गोल मीच मारणार.

शेवटची दोन मिनिटं. आमचा विभाग एका गोलने मागे. काचो चेंडू घेऊन थेट माझ्या दिशेने आले. आणि मी काय करावं? चार वर्षं ऑफिसच्या पॅसेजमध्ये ते समोरून आले की जे करतो, तेच केलं. कमरेत वाकलो.

धप्पकन आवाज आला. मान वर केली तेव्हा चेंडू आडव्या खांबाला लागून, खाली आपटून, परत मैदानात आला होता. रेषेच्या आत पडला की बाहेर, देव जाणे. काचोंनी दोन्ही हात वर केले होते. निशाणवाल्याच्या आड गोलकीपर आलेला, म्हणून निशाणवाल्याने दिसलं नाही अशी नुसती मान हलवली. मुख्य पंच माझ्याकडे बघू लागले.

हात छातीपर्यंत गेला, खोटं कशाला बोलू? मंगळवार दिसत होता समोर. मग तसाच वर नेला आणि तळहात डोळ्यांवर ठेवला. अंधारात जरा बरं वाटलं.

मुख्य पंच काचोंपुढे जाऊन वाकले. म्हणाले, "आम्हा तिघांनाही नीट दिसलं नाही. माफ करा. गोल देता येत नाही."

तिघांनाही! ते स्वतः तर वीस पावलं मागे होते, त्यांच्याकडून ती अपेक्षाच नव्हती. आम्ही हरलो. काचो जाताना "दमलात ना" एवढंच म्हणाले. त्याचा अर्थ लावण्यात माझा उरलेला रविवार गेला.

निशी-कसाईला घरी पोचेपर्यंत मी तेच दळण दळत होतो. "गेला समज करार. मुख्य पंच 'तिघांनाही' म्हणाले खरे, पण डोळे मी एकट्यानेच झाकले होते."

"झाकलेत ते बरं केलंत," बायको म्हणाली. "आधी त्या हिशेबवाल्यांना जेवायला बोलवा. येत्या शनिवारीच बोलवा. पुढच्या महिन्यात आपण इथे असू की नाही, कोणी सांगावं?"