मामाची मांडी

शांताताई. माझी थोरली बहीण. आज मी चार ओळी सरळ लिहितो ते तिच्यामुळे. नांदगावच्या शाळेत मास्तरीण झाली तेव्हापासून तिने मला नाशिकच्या कॉलेजात ठेवलं आणि स्वतः दोन पातळांवर वर्षं काढली. आमच्या घरात पहिला बी.ए. मी. केला तो तिने.

तिच्याच मुलाच्या जावळाला मला धुऊन घेतलं.

आणीबाणी उठली, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. ताईने बरोबरच्या मास्तराशी रजिस्टर लग्न केलं होतं. दाजी सटाण्याच्या शेतकरी घरातले, हिंदू. आम्ही बौद्ध. पाच वर्षं त्या घराने ताईला दारात उभं केलं नाही. मुलगी झाली, सुमी, तरी नाही. मग मुलगा झाला आणि नाशिकला द्वारकेजवळच्या त्यांच्या घरी बोलावणं आलं.

जावळ मामाच्या मांडीवर काढतात. आमच्यात हे सगळं दीक्षेबरोबरच सुटलेलं. वडील म्हणाले, "कशाला जातो तिथं?" मी म्हणालो, "ताईचा मुलगा आहे." पांढरी टेरिकॉटची पँट इस्त्री करून गेलो.

अंगणात पाट मांडलेला. न्हावी वस्तऱ्याला धार लावत बसलेला. मी पाटावर बसलो. ताईच्या सासूबाई तांब्या घेऊन आल्या. तुळशीचं पान बुडवून माझ्या मांड्यांवर शिंपडलं. एकदा, दोनदा. वास आल्यावर कळलं. गोमूत्र.

"देवनं काम शे, भाऊ. वाईट नको मानू."

पिवळे डाग पडले. मी ताईकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच सांगितलं, बस. मी बसलो. हो, बसलो.

सुमी धावत आली. मी बसलो की माझ्या मांडीवर यायचं, ही तिची सवय. आजीने दंड धरून तिला मागे ओढलं.

"थांब, वाळू दे."

"मामाने सू केली?"

सगळे हसले. पाहुण्यांतला एक म्हणाला, "मामाला पवित्र केलं, बेटा. आता चालतो."

"मग मला पण शिंपडा."

"तुला कशाला? तू आमची," आजी म्हणाली.

"आणि आई?"

कुणी हसलं नाही. ताईने पदर नीट केला. तो नीटच होता.

मी विचारलं, "ताई, तुलाही असंच घरात घेतलं?"

"बस रे. दोन मिनिटांचं काम आहे."

मला उत्तर मिळालं. दाजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. न्हावी म्हणाला, "पाव्हणं, आटपा. पोरगं झोपंला आलंय."

मी उठलो. "भाचा माझ्या मांडीवर बसेल," म्हणालो. "धुतलेल्या मांडीवर नाही."

शेजारचा एक गृहस्थ मामा म्हणून पाटावर बसला. त्याआधी तो पाटही धुतला. मी डागांसकट रस्त्याने चालत निघालो. मागून सुमीची हाक आली, "मामा, लाडू राहिला." मी वळलो नाही. त्या पोरीचा काय दोष होता? पण वळलो असतो तर परत बसलो असतो.

दुसऱ्या दिवशी ताईला तिच्या शाळेच्या पत्त्यावर पत्र टाकलं. ते असं:

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझ्या घरातला कार्यक्रम मी मोडला. तुला आत काय ऐकावं लागलं असेल ते मला कळतं. तरीही माफी मागत नाही. मान वर करून वाचायला तूच शिकवलंस.

सुमीला रविवारी माझ्याकडे पाठव. तुमच्या देवांविरुद्ध मी तिच्याशी एक शब्द बोलणार नाही. तिने तिथे आरती म्हणावी. इथे बुद्धासमोर बसावं वाटलं तर बसावं, नाहीतर खेळावं. बाळालाही आण. त्याला मांडीवर घ्यायला मला मुहूर्त लागत नाही.

पण त्या अंगणात मी पुन्हा बसणार नाही. सुमीच्या लग्नातही नाही, तांब्या बाहेर येणार असेल तर.

आणि तिने विचारलेला प्रश्न अजून तिथेच पडला आहे. ती पुन्हा विचारेल. आई कोणाची, मामाला का धुतलं, सगळं. तिला खोटं सांगायचं नाही. आधी तू सांग, तो तुझा मान आहे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी थांबतो. तू सांगितलं नाहीस, तर मी सांगणार.

तुझा भाऊ